घर भरलेलं, तरी मूल एकटं?

सिन्नरजवळच्या माळेगाव आणि मुसळगाव औद्योगिक वसाहतींमध्ये पाळ्यांमध्ये काम करणारी अनेक कुटुंबं आहेत. वडिलांची दुसरी पाळी असली की मूल शाळेतून येतं तेव्हा ते कामावर असतात आणि परततात तेव्हा मूल झोपलेलं असतं. आईही कामावर जात असेल, तर दिवसभरात घडलेलं सांगायला मुलाला कुणी सापडत नाही.

एकटं असणं आणि एकटेपणा वाटणं यांत फरक आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. एक, जिवाभावाचं माणूस नसल्याचा. दुसरा, सवंगड्यांत स्थान नसल्याचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणून वर्गात मित्र असलेलं मूलही घरात एकटं पडू शकतं.

लहान मुलांना कसला आलाय एकटेपणा, असं आपण म्हणतो. पण 1984 मध्ये अमेरिकेत तिसरी ते सहावीच्या मुलांना प्रश्नावली दिली गेली, तेव्हा 10 टक्क्यांहून अधिक मुलांनी एकटं वाटत असल्याचं नोंदवलं.

यात घराचा वाटा मोठा असतो. नातं जोडायला, रुसवा काढायला मूल आधी घरातच शिकतं. सतत भांडणं होणाऱ्या घरात ते मित्रांना बोलवायला कचरतं. त्याच्या बोलण्याची थट्टा झाली किंवा चुलत भावंडांशी तुलना होत राहिली, तर ते सांगणंच बंद करतं. भाड्याची खोली बदलताना शाळाही बदलली, तर जुने सवंगडी सुटतात.

कारण नसताना पोट दुखणं, शाळा टाळणं, चिडचिड, खेळायला न जाणं असं काही आठवडे चाललं, तर लक्ष द्यावं. आधी डॉक्टरांकडून आजार नसल्याची खात्री करावी.

पाळी आपल्या हातात नसते. पण रोजची पंधरा मिनिटं काढता येतात. मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसावं. ‘अभ्यास झाला का?’ याऐवजी ‘मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्लास?’ असं विचारावं. उत्तर मिळाल्यावर लगेच उपदेश करू नये. वडील घरी नसतील, तर जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन यावा, आजी-आजोबांनीही ऐकावं.

मूल खूपच मिटून गेलं असेल, तर शाळेतल्या शिक्षकांशी बोलावं. शासनाच्या ‘टेलिमानस’ या 14416 क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.