मोरे ईल घ्यायची तर आधी तिचे दात पाहा

समुद्री मासे पाळणाऱ्यांचा छंद काही वर्षांनी हमखास एका वळणावर येतो. क्लाउनफिश झाले, डॅमसेल झाले, टँगही झाला; आता टाकीत काहीतरी वेगळं हवं असतं. अशा वेळी दुकानात पाइपच्या तुकड्यातून डोकं बाहेर काढून बसलेली मोरे ईल नजरेत भरते. कुणाच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कुणावर झेब्र्यासारखे पट्टे. मग प्रश्न येतो, ‘माझ्या बाकीच्या माशांबरोबर ही राहील का?’

याचं उत्तर तिच्या अंगावरच्या नक्षीत नसतं, तोंडात असतं. जगात मोरेच्या सुमारे 200 जाती आहेत. आपल्या बाजारात मिळणारी वामसुद्धा ईलच, पण ती वेगळ्या कुळातली. मोरे राहते प्रवाळांच्या आणि खडकांच्या कपारीत. गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाभोवती डायव्हिंग केलेल्यांनी ती पाहिलेली असते. टाकीच्या दृष्टीने या 200 जातींचे ढोबळमानाने दोनच गट पडतात: मासे खाणाऱ्या आणि कवचवाले जीव खाणाऱ्या.

दोन प्रकारची तोंडं

मासे खाणाऱ्या मोरेचं तोंड लांबट असतं. दात सुईसारखे, आत वळलेले. एकदा रुतले की निसटता मासा आणखी अडकत जातो. ड्रॅगन मोरेचे तर जबडे मिटले तरी पूर्ण जुळत नाहीत, दात बाहेरून दिसत राहतात. कवचवाले जीव खाणाऱ्या मोरेचं तोंड आखूड आणि बोथट. झेब्रा मोरेच्या तोंडात दाटीवाटीने बसवलेल्या खड्यांसारखे सपाट दात असतात. खेकड्याचं कवच फोडायला ते उत्तम, पण चपळ मासा धरून ठेवायला निरुपयोगी.

दोन्ही गटांत घास गिळण्याची रीत मात्र विलक्षण आहे. मोरेच्या घशात आणखी एक जबड्यांची जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य पकडलं, की हे मागचे जबडे घशातून पुढे सरकतात, भक्ष्याला दात रोवतात आणि ते आत ओढून नेतात. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिलं. इतर बहुतेक मासे तोंडात पाण्याचा झोत ओढून भक्ष्य आत घेतात. अरुंद कपारीत शिकार करणाऱ्या मोरेने वेगळी वाट काढली. म्हणूनच टाकीतला एखादा मासा तिने नीट पकडला, तर त्याच्या सुटकेची आशा फारशी उरत नाही.

तोंडाची सतत उघडझाप पाहून अनेकांना वाटतं, की ही चावायच्या तयारीत आहे. तसं नसतं. तिच्या कल्ल्यांची तोंडं म्हणजे डोक्यामागची दोन लहान भोकं. तोंड उघडून-मिटूनच तिला त्यांच्यातून पाणी खेळवावं लागतं. तो तिचा श्वास आहे.

कोणती घ्यावी, कोणती टाळावी

इतर माशांबरोबर ठेवायची असेल, तर पहिली पसंती स्नोफ्लेक मोरेला. पांढुरकं अंग, काळे नक्षीदार डाग, पिवळ्या नाकपुड्या, बोथट तोंड. समुद्रात ती मीटरभर वाढल्याच्या नोंदी आहेत. टाकीत सहसा 60-70 सेंटिमीटरपर्यंत जाते. तिच्यासाठी किमान 300 लिटरची टाकी धरावी. झेब्रा मोरे स्वभावाने आणखी शांत, पण दीड मीटरपर्यंत वाढू शकते. 500 लिटरच्या आत तिचा विचारच करू नये. जागा कमी असेल, तर सोनेरी बुटकी मोरे जेमतेम 20-25 सेंटिमीटरची असते. तिचे दात मात्र टोकदार आहेत. ती आणि बोटभर गोबी एकत्र ठेवू नयेत.

हनीकोंब मोरे टाळा. पिल्लू वीतभर असताना तिच्यावरची जाळीदार नक्षी मोह पाडते, पण ती पुढे दोन मीटरच्या आसपास जाते आणि मासे खाते. जायंट मोरे तीन मीटरपर्यंत वाढते. ती घरच्या टाकीसाठी नाहीच. निळ्या-पिवळ्या रिबन ईलचं दुखणं वेगळं. ती स्वभावाने शांत, पण टाकीत बहुतेकदा अन्नालाच शिवत नाही आणि हळूहळू खंगते. ‘गोड्या पाण्यातली मोरे’ म्हणून विकली जाते ती टाइल मोरे. गंगेच्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात तिची नोंद आहे. ती खाडीच्या मुखाशी, मचूळ पाण्यात राहणारी. निव्वळ गोड्या पाण्यात ती फार काळ निभावत नाही.

शेजारी कोण चालतील?

स्नोफ्लेक घेतली म्हणजे सगळेच सुरक्षित झाले, असं नाही. धोका फक्त दुसरीकडे सरकतो. टँग, मोठे एंजलफिश, सोल्जरफिश, लायनफिश यांच्याबरोबर तिचं जमतं. पण क्लीनर श्रिंप, हर्मिट क्रॅब, शोभेचे खेकडे हे तिचं रोजचं जेवण. समुद्रात मासे खाणाऱ्या मोठ्या मोरे क्लीनर श्रिंपला तोंडात शिरून दात साफ करू देतात; गरीब स्वभावाची मानली गेलेली स्नोफ्लेक मात्र त्याच श्रिंपला सहसा सोडत नाही. फायरफिश, गोबी, लहान डॅमसेल असे रात्री दगडांत झोपणारे छोटे मासेही तिच्यासोबत नकोत. तिचा खरा वावर अंधारातच असतो.

उलट बाजूही पाहावी. ट्रिगरफिश आणि काही पफर ईलच्या शेपटीला चावे घेतात. तिला खवले नसतात, अंगावर फक्त बुळबुळीत थर. त्यामुळे जखम लवकर चिघळते. नव्या माशांवर ठिपक्यांच्या रोगासाठी तांब्याचं औषध करायचं असेल, तर ते वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीतलं तांबं ईलला बाधतं.

घास देण्याची रीत

बहुतेक अपघात खाऊ घालतानाच होतात. मोरेची नजर अधू, नाक तल्लख. कोळंबीचा वास पाण्यात पसरला, की ती समोर हलेल त्यावर तोंड टाकते. त्यात शेजारचा मासा येतो, तसं पाळणाऱ्याचं बोटही येतं. म्हणून लांब चिमटा हवाच. बाकीच्या माशांना टाकीच्या एका टोकाला अन्न द्यावं आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून तो ईलच्या नाकाशी न्यावा. ती आधी डोकं डावीउजवीकडे हलवून वासाचा माग काढते, मग झडप घालते. तुकडा मोठा असेल, तर शेपटीकडून अंगाची गाठ बांधते, ती गाठ डोक्यापर्यंत सरकवते आणि तिच्या आधाराने लचका तोडते.

कोळंबी, माकूळ, तिसऱ्या, खेकडा असं आलटूनपालटून द्यावं. एकच अन्न सतत दिलं, तर जीवनसत्त्वांची कमतरता होते. मोठ्या ईलला आठवड्यातून दोन-तीनदा पोटभर पुरेसं असतं. भुकेली ईल शेजाऱ्यांवर नजर ठेवते. नियमित जेवणारी सहसा ठेवत नाही.

झाकण आणि दगड

मोरे पळून जाते. स्नोफ्लेक समुद्रातही खेकड्यामागे पाण्याबाहेर झेपावते; पकडलेला घास ती कोरड्यावरच गिळू शकते, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. त्यामुळे झाकण घट्ट आणि वजनदार हवं, वायर-पाइपची भोकं जाळीने बंद हवीत. दगड वाळूवर नव्हे, थेट काचेच्या तळावर रचावेत. वाळू उकरताना ढीग कोसळला, तर ईल खाली चिरडली जाते. दगडांत दोन्ही तोंडं उघडी असलेला पीव्हीसी पाइप दडवावा. पूर्ण अंग लपलं, की ती निर्धास्त होते आणि दिवसाही डोकं बाहेर काढू लागते. तिच्या खाण्यामुळे पाणी लवकर खराब होतं, म्हणून दणकट प्रोटीन स्किमर घ्यावा. सजावटीसाठी जिवंत प्रवाळ मात्र घेऊ नयेत. आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

दुकानात काय विचाराल?

कुर्ल्याच्या बाजारात जा किंवा चेन्नईच्या कोळत्तूरला, तीन गोष्टींचा आग्रह धरा. एक, जात नक्की कोणती ते विचारा आणि तोंड बोथट आहे की लांबट ते स्वतः पाहा. दोन, ‘माझ्यासमोर तिला खायला द्या,’ असं सांगा. खात नसेल, तर घेऊ नका. तीन, पूर्ण वाढल्यावर ती किती लांब होईल, त्या हिशेबाने टाकी आधी तयार करा.

हा आग्रह एवढ्यासाठी, की बाजारातल्या मोरे जवळजवळ सगळ्या समुद्रातून पकडून आणलेल्या असतात. त्यांची पारदर्शक, पानासारखी चपटी पिल्लं दीर्घकाळ खुल्या समुद्रात तरंगतात; ती टाकीत वाढवणं अजून नीट साधलेलं नाही. चुकीची निवड झाली, की दोष ईलच्या माथी मारला जातो: हिने मासे खाल्ले, ही उडी मारून मेली. ती मात्र तिच्या दातांनी ठरवून दिलेलंच करत असते. नीट सांभाळलेली स्नोफ्लेक दहा-पंधरा वर्षं जगते. तेवढी वर्षं जागा, अन्न आणि योग्य शेजार देण्याची तयारी असेल, तरच ती घरी आणावी. नसेल, तर तिला समुद्रातच राहू देणं हाही या छंदातला शहाणपणाच आहे.