जिंकायची घाई, हरण्याची वर्षं

मे 2013 मध्ये विवेक रणदिवे यांच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएमधला संघ विकत घेतला. मुंबईत जन्मलेला, मराठी आडनावाचा माणूस अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमध्ये संघाचा मुख्य मालक झाला होता. भारतात जन्मलेल्या कुणालाही तोवर हे जमलं नव्हतं. संघ मात्र तेव्हा पार गाळात रुतलेला होता. 2006 नंतर त्याने प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नव्हतं आणि नुकत्याच संपलेल्या हंगामात 82 पैकी 54 सामने तो हरला होता. पुढची दहा वर्षं या संघाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून निघायचा. तरुण पोरं घेऊन नव्याने उभा राहू पाहणारा हा संघ जिंकायला खेळतोय की हरायला?

पुण्याजवळच्या वाघोलीत बसून या प्रश्नाचा मागोवा घेण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत केसनंद फाट्यापासून खराडीच्या हद्दीपर्यंत जी गृहसंकुलं उभी राहिली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या आवारात क्रिकेटचं मैदान नाही, पण बास्केटबॉलचं अर्धं कोर्ट आहे. एक खांब, एक फळा, एक रिंग. इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी कॅलिफोर्नियात असतं. सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. नगर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली आणि मागच्या सीटवर बसलेलं पोर मोबाइलवर पहिला क्वार्टर बघतंय, हे इथलं नेहमीचं दृश्य आहे. ही मुलं आपल्या प्रशिक्षकाला आणि आईबाबांना तोच प्रश्न विचारतात: हे लोक मुद्दाम हरतात का?

प्रश्न येतो तो लीगच्या नियमांतून. एनबीएमध्ये तळाचा संघ खालच्या गटात ढकलला जात नाही. उलट, महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते तेव्हा कमकुवत संघांना आधी हात घालायला मिळतो. सरळ शेवटून पहिला असा क्रम ठेवला तर सगळेच तळ गाठायला धावतील, म्हणून 1985 पासून लॉटरी आली. 2018 पर्यंत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती. 2019 पासून तळाच्या तीन संघांना प्रत्येकी 14 टक्के शक्यता मिळू लागली. तरीही फेब्रुवारी उजाडला की काही संघांना जिंकण्यापेक्षा हरण्यातच फायदा दिसू लागतो. त्यालाच टँकिंग म्हणतात. आपल्या आयपीएल किंवा प्रो कबड्डीत हा मोह नाही, कारण तिथे लिलाव असतो. कबड्डीतली पुणेरी पलटण पहिले दोन्ही हंगाम तळाला राहिली, पण त्याबद्दल तिच्या पदरात काही पडलं नाही.

रणदिवे हरायला आलेले नव्हते. शेअर बाजारातली माहिती क्षणात पोहोचवणारं सॉफ्टवेअर विकून मोठी झालेली टिब्को ही कंपनी त्यांनीच स्थापलेली. संघाचे मालक होण्याच्या काही वर्षं आधी त्यांनी आपल्या मुलीच्या बारा वर्षांखालच्या संघाला शिकवलं होतं. स्वतः ते कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. 94 फूट लांबीच्या कोर्टवर बहुतेक संघ शेवटचे 24 फूटच राखतात आणि उरलेले 70 फूट प्रतिस्पर्ध्याला आंदण देतात, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांच्या मुलींना नेम धरून बास्केट करणं फारसं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी पूर्ण कोर्टभर चेंडू अडवायला शिकवलं. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ मासिकात त्यावर लिहिलं आणि ती गोष्ट जगभर गेली. कमी कुवतीच्या पोरींनाही जिंकता येतं, यावर रणदिवे यांचा मनापासून विश्वास होता. पण तो विश्वास एका मोसमात फळाला आला होता, आणि हाच हिशेब ते पुढे किंग्जला लावत राहिले.

त्याच 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघात सॅम हिंकी नावाचे व्यवस्थापक आले. त्यांनी चांगले खेळाडू विकून भविष्यातल्या निवडींचे हक्क गोळा करायला सुरुवात केली आणि हरणं सरळ योजनेचा भाग करून टाकलं. तीन हंगामांत विजय किती? 19, 18 आणि 10. त्याच तीन हंगामांत किंग्जचे विजय 28, 29 आणि 33. आकडे बघून वाटतं की किंग्ज बरे. पण दोघांमध्ये जुलै 2015 मध्ये जो सौदा झाला, तो पाहिला की खरी कहाणी कळते.

किंग्जला अनुभवी खेळाडू लगेच हवे होते आणि त्यासाठी लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी करायची होती. म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वीच आठव्या क्रमांकावर घेतलेला निक स्टॉस्कस, दोन महागडे करार, भविष्यातला पहिल्या फेरीचा एक हक्क आणि शिवाय निवडीचा क्रमांक अदलाबदल करण्याचा हक्क फिलाडेल्फियाला देऊन टाकला. मोकळ्या झालेल्या पैशातून राजॉन राँडोसारखे नावाजलेले खेळाडू आले. राँडो एक हंगाम खेळला आणि गेला. 2017 च्या लॉटरीत नशिबाने किंग्जला तिसरा क्रमांक दिला, तेव्हा फिलाडेल्फियाने हक्क बजावला. किंग्ज पाचव्यावर घसरले. तो तिसरा क्रमांक पुढे बॉस्टनकडे गेला आणि बॉस्टनने त्यावर जेसन टेटम घेतला. हाच टेटम 2024 मध्ये बॉस्टनसोबत विजेता झाला. मुद्दाम हरणाऱ्या संघाला किंग्जच्या घाईने फुकटात भांडवल पुरवलं होतं.

घाई प्रशिक्षकांच्या बाबतीतही होती. डिसेंबर 2014 मध्ये माइक मलोन यांना हंगामाच्या 24 सामन्यांनंतर काढलं. संघ 11 जिंकून 13 हरला होता आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेनिंजायटिसने आजारी पडून बाहेर बसला होता. पुढे याच मलोननी डेन्व्हरला 2023 चं विजेतेपद मिळवून दिलं. 2013 ते 2022 या नऊ वर्षांत किंग्जने सात प्रशिक्षक बघितले. वीस वर्षांच्या पोराने बचावात कुठे उभं राहायचं हे अंगवळणी पाडायला दोन-तीन वर्षं लागतात. इथे तेवढ्यात सांगणाराच बदलत होता.

प्रश्न सर्वांत टोकदार झाला तो 2017-18 च्या हंगामात. फेब्रुवारी 2017 मध्ये कझिन्सला न्यू ऑर्लिन्सला धाडून संघाने बडी हील्ड घेतला आणि जूनमध्ये पाचव्या क्रमांकावर डीएरन फॉक्स. म्हणजे नव्याने घडी बसवायची ठरली. मग त्याच उन्हाळ्यात झॅक रँडॉल्फ, जॉर्ज हिल, व्हिन्स कार्टर असे मुरलेले खेळाडूही घेतले. जानेवारी 2018 मध्ये प्रशिक्षक डेव्ह येगर यांनी जाहीर केलं की यापुढे दर सामन्याला काही ज्येष्ठ आळीपाळीने बसतील आणि त्यांची मिनिटं तरुणांना मिळतील. टीकाकारांनी लगेच याला हरण्याची तयारी म्हटलं. त्याच महिन्या-दोन महिन्यांत डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन, आपण खेळाडूंना हरण्यातच भलं असल्याचं सांगितलं असं बोलून गेले, तेव्हा लीगने त्यांना 6 लाख डॉलर दंड ठोठावला होता. वातावरण असं तापलेलं होतं.

पण किंग्जच्या पोरांनी काय केलं? शेवटच्या सामन्यात समोर ह्यूस्टन होता, त्या हंगामात 65 सामने जिंकलेला, लीगमधला सर्वोत्तम संघ. हरलं तर लॉटरीत फायदा होता. किंग्ज तो सामना जिंकले. हंगाम 27 विजय, 55 पराभव असा संपला. कोर्टवर उतरलेल्या पाच जणांना पुढच्या वर्षीच्या निवडीशी काय देणंघेणं? नवा येणारा पोरगा त्यांच्यापैकीच कुणाची तरी जागा घेणार असतो. त्यांचा करार, त्यांचं नाव, त्यांची पुढची दहा वर्षं त्या 48 मिनिटांवर अवलंबून असतात. म्हणून हरायचं ठरलंच तर ते कोर्टवर ठरत नाही. कोण खेळेल, कोण बसेल, कुणाला विकायचं हे ठरवणाऱ्या कचेरीत ते ठरतं.

गंमत अशी, की लॉटरीने त्यांना सातव्यावरून थेट दुसऱ्या क्रमांकावर नेलं. जूनमध्ये किंग्जने मार्व्हिन बॅगली घेतला. पुढच्याच क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला आणि डॅलसला मिळाला. बॅगली साडेतीन वर्षांत संघाबाहेर होता. हरण्यातून मिळालेल्या तिकिटाचं मोल, ते वटवणाऱ्याच्या नजरेइतकंच असतं.

2018-19 मध्ये फॉक्स आणि हील्ड फुलले. 39 विजय, म्हणजे 2006 नंतरची सर्वांत चांगली कामगिरी. हंगाम संपताच येगर यांना काढलं. त्याच वर्षी 4 आणि 5 ऑक्टोबरला किंग्ज मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळले. भारतातले ते एनबीएचे पहिले सामने. पहिला जादा वेळेत 132-131 असा गेला, दुसरा 130-106. दोन्ही किंग्ज हरले, पण रणदिवे यांनी आपल्या जन्मगावी संघ आणला होता आणि शाळकरी मुलांनी डोम दणाणून सोडला होता. वाघोलीतल्या कोर्टवर जांभळे टी-शर्ट दिसतात, त्यामागे ते दोन दिवसही आहेत.

प्लेऑफचा दुष्काळ अखेर फिटला तो 2023 मध्ये, 16 हंगाम कोरडे गेल्यावर. लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्या वाट्याला आला नव्हता. कशाने फिटला? फेब्रुवारी 2022 मध्ये टायरीस हॅलिबर्टनसारखा गुणी तरुण देऊन डोमँटस सबोनिस घेतला, तेव्हा खूप आरडाओरड झाली. मग प्रशिक्षक म्हणून माइक ब्राउन आले. कीगन मरेला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याने पहिल्याच हंगामात 206 थ्री-पॉइंटर मारून नवोदितांचा विक्रम केला. फॉक्स तोवर सहाव्या वर्षात होता. दरवर्षी नवा धडा गिरवूनही तो टिकला होता. 48 विजय, पश्चिम विभागात तिसरं स्थान. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळा झोत आकाशात जायचा. पहिल्या फेरीत संघ गोल्डन स्टेटविरुद्ध सातवा सामना हरला, स्टेफ करीने त्यात 50 गुण केले. पण गावाला आपला संघ परत मिळाला होता.

यानंतर तरी दम धरायला हवा होता. 2023-24 मध्ये 46 विजय मिळाले, प्लेऑफ थोडक्यात हुकला. डिसेंबर 2024 मध्ये 13 विजय, 18 पराभव असताना ब्राउन यांना नारळ दिला, दोन वर्षांपूर्वी एकमताने सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेल्या माणसाला. फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. हंगाम 40-42. पुन्हा घडी बसवायची वेळ.

याच्या शेजारी ओक्लाहोमा सिटी ठेवून बघावं. 2020 मध्ये त्यांनी मार्क डेनॉल्ट या तरुण प्रशिक्षकाला नेमलं. 2021 मध्ये अल हॉरफर्डसारखा ठणठणीत ज्येष्ठ मार्चनंतर खेळवलाच नाही, म्हणजे हरण्याची त्यांना भीती नव्हती. आधी 22 विजय, मग 24. डेनॉल्ट जागेवरच राहिले. मग 40, मग 57, मग 68 आणि जून 2025 मध्ये विजेतेपद. उलट फिलाडेल्फियाने मुद्दाम हरून जे भांडवल जमवलं, त्याच्या जोरावर 2025 पर्यंत त्यांना दुसऱ्या फेरीपुढे एकदाही जाता आलं नाही.

आमच्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलींचा एक सामना मी जवळून पाहिला. संघ दहा गुणांनी मागे. एका पोरीला महिनाभर डाव्या हाताने ले-अप शिकवला जात होता. ती डावीकडून घुसली, चेंडू फळ्याच्या कडेला लागून बाहेर गेला. पुढच्या वेळी तिने पुन्हा डावाच हात वापरला, पुन्हा चुकली. बाजूच्या खुर्च्यांवरून आवाज आले, तिला बसवा, उंच मुलीला आणा. प्रशिक्षकाने तिला खेळतंच ठेवलं. संघ हरला. गल्लीतल्या खेळात आपण लहानग्याला कच्चा लिंबू करून घेतो, त्याच्या बाद होण्याला कुणी मोजत नाही. त्या प्रशिक्षकाने तसंही केलं नाही. तिची चूक मोजली, सामन्यानंतर समजावली आणि पुढच्या सामन्यात तिला परत उतरवलं.

त्या सामन्याचा निकाल पाहून कुणी म्हणेल, हा संघ हरायलाच आला होता. माझ्या मते तो जिंकायला आला होता, फक्त त्याची जिंकण्याची तारीख त्या रविवारची नव्हती. किंग्जच्या बारा वर्षांतून मी शिकलो ते हेच. त्या संघाने मुद्दाम हरण्याचं पाप केलं असं मला दिसत नाही. त्याला दर रविवारी जिंकायचं होतं, आणि त्या हव्यासात त्याने शिकवणारे आणि शिकणारे दोघेही घालवले.

वाघोलीत आता शाळाशाळांतून, संकुलासंकुलांतून मुलांचे संघ उभे राहताहेत. दोन स्पर्धा हरल्या की पालक प्रशिक्षक बदलण्याची मागणी करतात. माझी त्यांना विनंती आहे. प्रशिक्षकाला तीन वर्षं द्या आणि त्या तीन वर्षांत दर महिन्याला एकच गोष्ट विचारा: मागच्या महिन्यात जे येत नव्हतं, ते या महिन्यात माझ्या पोराला येतंय का? उत्तर हो असेल, तर गुणफलक काहीही सांगो, तुमचा संघ जिंकायलाच खेळतोय.