सातशे मैलांचा दिवा

जुन्या इंदुरापासून माणिकबाग जवळच आहे. यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्यासाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याने १९३०च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या तिथल्या राजवाड्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. महाराजांच्या मोटारींबद्दलही लिहिले गेले, पण लिहिणारे बहुधा रंग, बॉडी आणि किंमत यांवरच थांबतात. १९३५-३६च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग 'एसजे' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या लांबलचक बॉनेटखाली ६.९ लिटरचे, ओळीने आठ सिलिंडरचे, वर दोन कॅमशाफ्ट आणि ३२ व्हॉल्व्ह असलेले, सुपरचार्जर जोडलेले इंजिन होते. कंपनी त्याची ताकद ३२० अश्वशक्ती सांगे. हे घराणेच शर्यतीचे. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री आणि १९२४, १९२५ व १९२७ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ड्यूसेनबर्गने जिंकली होती. अशा मोटारीच्या डॅशबोर्डवर एक साधा दिवा असे. सुमारे ७०० मैल, म्हणजे साधारण ११२५ किलोमीटर झाले की तो लागे आणि इंजिनातले तेल बदलायची वेळ झाल्याचे सांगे. त्याच्या दुप्पट अंतरावर दुसरा दिवा बॅटरीतले पाणी पाहायला सांगे.

त्या काळातली तेले आजच्या मानाने कच्ची होती, म्हणून बदल लवकर लागे, हे खरेच. पण त्या दिव्यामागचा विचार जुना झालेला नाही. तेल आत ओतले की निवड संपली, असे तो दिवा मानत नव्हता. तेल इंजिनात गेल्यावर तापते, पातळ होते, पेट्रोलने भेसळते, धूळ आणि धातूचे कण पोटात घेते. त्याचा गुण दर मैलाला बदलत असतो. शर्यतीच्या इंजिनासाठी तेल निवडायचे म्हणजे त्या बदलाचा अंदाज बांधायचा. आपल्याकडे मात्र निवड दोनच गोष्टींवर होते: डब्यावरचा 'रेसिंग' हा शब्द आणि 'जितके जाड तितके बरे' ही समजूत. पहिल्याने खिशाला चाट बसते. दुसरीने इंजिन जाते, म्हणून या लेखाचा रोख दुसरीवर आहे.

तेल नेमके काय करते, याचा उलगडा शर्यतीच्या मैदानावर झाला नाही, रेल्वेच्या आसांच्या अभ्यासातून झाला. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा अभियंता आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून बाहेर उसळू लागले. लाकडी बूच ठोकले, तर तेच वर ढकलले गेले. आत दाब तयार होत होता, आणि तो कुठल्याही पंपाने आणलेला नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो आणि त्या रेटलेल्या तेलावर तरंगतो. १८८६मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स याने याचे गणित मांडले. पातळ थराची जाडी तीन गोष्टींवर ठरते: तेलाचा चिकटपणा, आसाचा वेग आणि त्यावरचा भार. चिकटपणा वाढवला की थर जाड होतो, हे या गणितातूनच निघते, आणि जाड तेलाचे समर्थक इथपर्यंत बरोबर आहेत. त्यांची चूक पुढच्या पायरीवर होते. ते डब्यावरच्या आकड्याला चिकटपणा समजतात, आणि चिकटपणा हा तापमानाचा गुलाम आहे.

हिशेब करून पाहू. चांगल्या प्रतीच्या २०डब्ल्यू-५० तेलाचा चिकटपणा ४० अंश सेल्सियसला साधारण १६५ सेंटिस्टोक्स आणि १०० अंशांना १८.५च्या आसपास धरला, तर १३० अंशांना तो साडेनऊपर्यंत उतरतो. एसएई ३० या दर्जाची १०० अंशांवरची मर्यादा ९.३ ते १२.५ अशी आहे. म्हणजे तापून १३० अंशांवर गेलेले 'पन्नास' नंबरचे तेल हे १०० अंशांवर राखलेल्या 'तीस' नंबरच्या तेलाइतकेच उरते, कधी त्याहूनही पातळ. आता यात भर अशी की जाड तेल जास्त घर्षण करते, त्या घर्षणाची उष्णता त्याच तेलात जाते आणि ते अधिक तापते. तेलाला थंड ठेवणारा कूलर आणि संपातले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्यातले, तापमान सांगणारा मीटर ही खरी गुंतवणूक आहे. ज्याच्या इंजिनात मीटर नाही, त्याने कुठला ग्रेड घातला हे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याला स्वतःलाच ते माहीत नसते.

इथे डब्यावर न छापलेला आणखी एक आकडा महत्त्वाचा. आजची बहुतेक तेले मल्टिग्रेड आहेत. थंडीत पातळ राहावीत आणि तापल्यावर फार पातळ होऊ नयेत म्हणून त्यांत लांब साखळीचे पॉलिमर घालतात. बेअरिंगच्या अरुंद फटीत, प्रचंड कातर बसत असताना हे पॉलिमर आडवे होतात, आणि गिअरच्या दातांत सापडले की तुटतातही. म्हणून १५० अंशांना आणि सेकंदाला १० लाख इतक्या कातर-दराला चिकटपणा मोजतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. एसएई जे३००प्रमाणे ३० नंबरच्या तेलाला तो किमान २.९ लागतो. युरोपीय एसीईए ए३ वर्गाला किमान ३.५. बाजारात एकाच नावाचे ५डब्ल्यू-३० तेल दोन वेगवेगळ्या एचटीएचएसचे मिळू शकते. शर्यतीच्या दृष्टीने ही दोन वेगळी तेले आहेत.

आता पीथमपूर. इंदुराजवळच्या या गावातल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा वेगपथ २०२१मध्ये सुरू झाला. तीव्र वेगातल्या चाचण्यांसाठी तो आशियातला सर्वांत लांब मानला जातो. २५० किलोमीटरच्या वेगाने या पथाचा एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ पावणेतीन मिनिटे लागतात. ती सगळी मिनिटे थ्रॉटल खाली दाबलेला असतो. रस्त्यावरची गाडी जोर घेते, सोडते, तेलाला श्वास मिळतो. इथे तो मिळत नाही आणि संपातले तापमान चढत जाऊन एका पातळीला स्थिरावते. माळव्याच्या पठाराची उंची सुमारे ५५० मीटर असली तरी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे कूलरला मिळणारी हवाच तापलेली असते. थंडीत सुरू करण्यासाठीचा 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा आपल्याकडे फारसा निर्णायक नाही. युरोपात लिहिलेली शिफारस इथे जशीच्या तशी लागू करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

जाड तेलाच्या बाजूने सर्वांत तगडा आक्षेप ऑइल प्रेशरचा. जाड तेल घातले की गेजचा काटा वर चढतो, मनाला धीर येतो. पण गेज दाखवतो तो प्रवाहाला होणारा अडथळा. पंप देतो तो दाब चार-पाच बारचा, आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये रेनॉल्ड्सच्या गणिताने तयार होणारा दाब त्याच्या शंभर पटींहूनही जास्त असू शकतो. पंपाचे काम बेअरिंगला तेल पुरवत राहणे आणि तिथली उष्णता वाहून नेणे एवढेच. जाड तेल कमी वाहते, रिलीफ व्हॉल्व्ह उघडून थोडे तेल परत संपात जाते, आणि बेअरिंग उपाशी राहून तापते. अर्थात बेअरिंगमधली फट मुद्दाम सैल ठेवलेली असेल, तर त्या सैलपणाला जाड तेलच लागते. इंजिन बांधणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की आसाच्या व्यासाचा हजारावा भाग इतकी फट ठेवावी. ५० मिलिमीटरच्या आसाला साधारण ०.०५ मिलिमीटर. आधी ही फट मोजावी आणि मग तेलाचा ग्रेड घ्यावा. हा क्रम उलटा करता येत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा: एरंडेलासारखे तेल दुसरे नाही. याला आधार आहे. चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीने १९०९मध्ये बाजारात आणलेल्या तेलाचे नाव कॅस्ट्रॉल पडले ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. पहिल्या महायुद्धातली विमानांची फिरती इंजिने एरंडेलावरच चालत. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाला असलेला हायड्रॉक्सिल गट धातूला चिकटून राहतो. थर तुटायच्या वेळी तो आसरा देतो. पण तेच एरंडेल उष्णतेत लवकर ऑक्सिडाइज होते, पिस्टनच्या खाचांत राळेसारखे जमते आणि रिंगा जाम करते. म्हणून दर शर्यतीनंतर इंजिन उघडणाऱ्यालाच ते परवडे. आज ती धातूला धरून राहण्याची ओढ एस्टर प्रकारची तेले देतात, आणि गंमत अशी की जेट इंजिनांसाठी आरंभी वापरलेले काही एस्टर एरंडेलापासून मिळणाऱ्या सेबॅसिक आम्लापासूनच बनत. जगात सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. एरंडेलाचा अभिमान धरावा. शर्यतीच्या इंजिनात ते कच्चे ओतू नये.

पीथमपूरलाच २००७पासून बाजा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा रुजली. अनेक वर्षे तिथले बहुतेक संघ ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसीचे, १० अश्वशक्तीचे एकच इंजिन वापरत. त्यात दाबाने तेल देणारा पंप नाही. फिरणारे भाग संपातले तेल उडवतात आणि त्या शिंतोड्यांवरच बेअरिंग जगते. इथे तेल जाड असेल तर ते हवे तिथे उडत नाही, पातळी कमी असेल तर चढावर उडवायला तेलच उरत नाही. अशा इंजिनांसाठी कंपनीची शिफारस साध्या एसएई ३०ची, आणि सुमारे २७ अंशांवरच्या हवेत १०डब्ल्यू-३० वापरले तर तेल जास्त खर्ची पडू शकते, असा इशाराही तीच देते. महाग, मल्टिग्रेड, 'प्रगत' तेल आपोआप चांगले ठरत नाही, याचा हा सरळ पुरावा. याच मैदानावरची धूळ हा दुसरा धडा. तेलाच्या नमुन्यातले धातू वर्णपटाने मोजायची पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेने रुळवली. नमुन्यात सिलिकॉन वाढला तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय, तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग झिजतेय, लोखंड वाढले तर सिलिंडर किंवा कॅम. इंजिन न उघडता मिळणारी ही बातमी कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी आहे.

कॅमशाफ्टची एक बाजू थोडक्यात. कॅमच्या टोकाशी तेलाचा थर अखंड राहत नाही. तिथे झिंक आणि फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे रसायन धातूवर पातळ कवच तयार करते. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असल्याने रस्त्यावरच्या गाड्यांच्या पातळ ग्रेडच्या तेलांत तो साधारण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला गेला. सपाट टॅपेटच्या जुन्या धर्तीच्या शर्यत-इंजिनाला हे प्रमाण कमी पडू शकते. रोलर टॅपेट असेल तर काळजीचे कारण नाही. मोटारसायकलवाल्यांसाठी वेगळी अट: तिथे तेच तेल क्लचमध्ये आणि गिअरमध्येही असते, त्यामुळे जेएएसओ एमए किंवा एमए२ हा शिक्का हवा, नाहीतर मोटारीच्या तेलातले घर्षण कमी करणारे पदार्थ क्लच सरकवतात.

कोणी म्हणेल, फॉर्म्युला वनमध्ये अतिशय पातळ तेल वापरतात, मग तेच का नको? तिथे इंजिन सुरू करण्याआधी तेल आणि पाणी बाहेरून तापवून आत सोडतात, कारण थंड इंजिनातल्या फटी फारच घट्ट असतात. शर्यतीच्या जागीच तेलाचे नमुने तपासतात. त्यांचे पातळ तेल त्यांच्या मोजमापाच्या शिस्तीवर उभे आहे. शिस्त न घेता तेल घेतले तर फसगतच होईल. पैशाचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण आपले बहुतेक संघ आणि छोटे ट्यूनर ओढाताणीत चालतात. त्यांनी महागड्या डब्यावरचे पैसे वाचवावेत आणि आधी तेलाच्या तापमानाचा मीटर बसवावा. बेअरिंगची फट मोजून लिहून ठेवावी. जुने तेल निचरताना बाटलीभर नमुना तपासणीला पाठवावा, आणि त्या अहवालावरून पुढचा ग्रेड व बदलाचे अंतर ठरवावे. इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना माझे सांगणे एवढेच: यंदाच्या तुमच्या वहीत तेलाच्या नावापुढे तापमान, चाललेले तास आणि नमुन्याचा निकाल हे तीन रकाने नक्की असू द्या.