जुना टेप इको घेताय? आधी हेड बघा

फोनवरच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये डिले इफेक्ट उघडला की बऱ्याचदा त्यात 'टेप' असा एक पर्याय दिसतो. तो ज्यांची नक्कल करतो ती खरी मशीन्स आजही सेकंड हँड विकली जातात, आणि स्वस्त अजिबात नसतात. त्यातलं मोठं नाव म्हणजे जपानच्या रोलँड कंपनीचं १९७४ सालचं आरई-२०१ स्पेस इको. उदाहरण म्हणून तेच घेऊ.

आत पाव इंच रुंद टेपचा लूप फिरत असतो. रेकॉर्ड हेड त्यावर आवाज उतरवतं, पुढची तीन प्लेबॅक हेड तोच आवाज थोड्या थोड्या उशिराने वाचतात आणि इरेज हेड तो पुसून टाकतं. मोटरचा वेग कमी केला की इको लांबतो. म्हणजे सगळा खेळ घासण्याचा! त्यामुळे बाहेरून चकाचक दिसणाऱ्या मशीनवर मी तरी भुलत नाही.

विकणारा लांब राहत असेल तर व्हिडिओ कॉलवर आवाज तपासू नका. कॉलिंग अ‍ॅप खरखर आणि इको आपणहून दाबतात, आणि तुम्हाला तर नेमकं तेच ऐकायचंय. मशीनच्या आउटपुटमधून थेट रेकॉर्ड केलेली फाइल मागा. मोड सिलेक्टर १, २, ३ वर ठेवला की एकेक प्लेबॅक हेड वेगळं ऐकू येतं. प्रत्येकावर गिटारचा एकच सूर वाजवायला सांगा. एखाद्यावर आवाज दबका आला तर हेड मळलंय किंवा झिजलंय. मळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने निघतो. झीज निघत नाही, हेडच बदलावं लागतं आणि तो खर्च दुखतो. म्हणून झाकण उघडून, टॉर्च लावून हेडचे क्लोज-अप फोटोही मागवा. टेप जिथे घासते तिथे खाच दिसली तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

मग इंटेन्सिटी शून्यावर. आता एकदाच इको यायला हवा. थोड्या वेळाने टेप फिरून आल्यावर तोच सूर पुन्हा पुसट ऐकू आला, तर इरेज हेड नीट काम करत नाहीये. सूर किंचित डोलणं चालतं, त्यातच तर मजा आहे. पण गचके बसत असतील तर टेप दाबून धरणारा रबरी रोलर कडक झालेला असू शकतो.

मागचं लेबल वाचायला विसरू नका. जपानी बाजारातलं मशीन १०० व्होल्टवर चालतं. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते थेट लावलंत तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

एवढी उठाठेव नको असेल आणि फक्त तो आवाज हवा असेल, तर बॉसचं २०२२ मधलं आरई-२०२ हे डिजिटल पेडल बघा. माझ्या मते घरी गाणी करणाऱ्या बहुतेकांना ते पुरतं. खरं मशीन घेतलंतच, तर आतला जुना लूप पहिल्याच दिवशी बदला. नवे लूप अजून मिळतात.