घराची आग : जुन्नर-आंबेगावातील पहिला अर्धा तास आणि पहिला आठवडा

शनिवारवाडा पुण्यात बांधला गेला. परंतु त्याचे सागवान जुन्नरच्या रानातले होते. 1730 मध्ये पायाभरणी झालेला हा वाडा 1828 च्या फेब्रुवारीत पेटला आणि सात दिवस जळत राहिला. दगडी तट, दरवाजे आणि जोती तेवढी शिल्लक राहिली. ज्या मुलखातून हे लाकूड पुण्यास गेले, त्या मुलखातील जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर या जुन्या पेठांत लाकडी खांब व तुळयांवर तोललेली घरे आजही वापरात आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्यांवर कारवीच्या कुडाची, कौलांची घरे आढळतात. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात सिमेंटची आणि पत्र्याची घरे झाली आहेत. परंतु त्यांना लागूनच कडब्याची गंज, गोठा आणि कांद्याची बराखी असते. आग या तिन्ही प्रकारच्या घरांना लागते. ती लागण्याची आणि पसरण्याची तऱ्हा मात्र निरनिराळी असते.

आंबेगाव तालुका आणि आपत्ती म्हटले की 30 जुलै 2014 ची माळीणची दरड आठवते. दीडशेहून अधिक माणसे त्या दुर्घटनेत दगावली. साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले आणि 2017 मध्ये नव्या जागी गाव वसविण्यात आले. घराची आग अशी गाजत नाही. ती बहुधा एका वेळी एकाच कुटुंबावर कोसळते आणि चार दिवसांनी शेजारच्या गावालाही तिचे विस्मरण होते. त्या कुटुंबाचे धान्य, कपडे, जनावरे, कागदपत्रे आणि छप्पर मात्र एकाच दुपारी जाते. म्हणूनच या आगीच्या बाबतीत शासकीय यंत्रणेइतकीच, किंबहुना काही वेळा तिच्याहून अधिक, जबाबदारी गावावर येऊन पडते.

आग लागते कशी

माघ सरत आला की घाटमाथ्यावरील गवत वाळते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारचा वारा कोरडा व जोराचा असतो. बांधावरचे गवत किंवा उसाचे पाचट पेटवून देण्याची चाल अद्याप सर्वत्र बंद झालेली नाही. एक ठिणगी उडून कडब्याच्या गंजीवर पडली की गोठा आणि घर यांना वेळ लागत नाही. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजविले तर जमिनीचा कस वाढतो, हे कृषी खात्याने वर्षानुवर्षे सांगितले आहे. घर वाचते हा त्याचा दुसरा लाभ फारसा सांगितला जात नाही.

विजेचे कारण याहून व्यापक आहे. जुन्या वाड्यांत 2 दिवे व 1 पंखा एवढ्या भारासाठी टाकलेल्या तारांवर आज फ्रीज, मिक्सर, पाणी तापविण्याचा हिटर आणि मोटार चालते. तार तापते, तिच्यावरील आवरण ठिसूळ होते आणि लाकडी तक्तपोशीच्या आड, कोणाच्या दृष्टीस न पडता, जाळ धरतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे ही तर आगीला दिलेली परवानगीच होय. परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण, एवढा खर्च घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे.

2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर डोंगरी भागातही गॅस पोहोचला. परंतु चूल गेली नाही. एकाच खोलीत जळती चूल आणि सिलिंडर अशी मांडणी अनेक घरांत दिसते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खाली असलेल्या चुलीतील विस्तवापर्यंत पोहोचतो. शेगडी नेहमी सिलिंडरहून उंच ओट्यावर असावी आणि रबरी नळी 5 वर्षांनी बदलावी, हे यासाठीच. गळतीचा वास आल्यास विजेचे बटण चालूही करू नये व बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरगावाहून येणाऱ्या मजुरांच्या कोप्या हा वेगळा विषय आहे. बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद यांपासून उभारलेल्या या कोप्या एकमेकींना खेटून असतात आणि पुढ्यातच चूल असते. दोन कोप्यांत थोडे अंतर आणि दर चार-पाच कोप्यांमागे पाण्याने भरलेले एक पिंप, एवढी व्यवस्था मुकादम व कारखाना यांच्याकडून ग्रामपंचायतीने करून घ्यावयास हरकत नाही.

बंब येईपर्यंत

नगरपरिषदेच्या हद्दीत आग विझविणे हे 1965 च्या कायद्यान्वये नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. खेड्यांना बंब लांबून यावा लागतो. घाटघरला तो जुन्नरहून सुमारे 30 किलोमीटर यावयाचा, तर आहुप्याला डिंभे जलाशयाला वळसा घालून. कुडाचे घर तेवढा वेळ टिकत नाही. 101 किंवा 112 क्रमांकावर दूरध्वनी अवश्य करावा. परंतु पहिला अर्धा तास गावाचाच असतो, हे गृहीत धरून तयारी असावी. पुणे जिल्ह्यात अनेक गावांनी ग्राम सुरक्षा यंत्रणेत नावे नोंदविली आहेत. तिच्याद्वारे एका दूरध्वनीवरून गावातील सर्व नोंदलेल्या भ्रमणध्वनींवर एकाच वेळी सूचना जाते. चोर आणि बिबट्या यांच्यासाठी तिचा उपयोग होतो, तसाच तो आगीसाठीही व्हावा.

आग जगते ती जळण, उष्णता आणि हवा या तिघांवर. यांपैकी एक काढून घेतले की ती विझते. गंज पेटली असता ती विझवीत बसण्यापेक्षा तिच्या आणि घराच्या मधला कडबा ओढून काढणे अनेकदा अधिक उपयोगी ठरते. विजेच्या आगीवर प्रवाह तोडल्याशिवाय पाणी मारू नये. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी कधीही ओतू नये. 1 लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते आणि ती जळते तेल छतापर्यंत उडविते. शेगडी बंद करून झाकण ठेवावे. गोठ्यातील दावी एका हिसक्याने सुटतील अशा सरकगाठीने बांधावीत. माणूस भाजल्यास जखमेवर 20 मिनिटे स्वच्छ वाहते पाणी सोडावे आणि 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. शाई, टूथपेस्ट, हळद असे काही लावू नये.

राख उपसण्यापूर्वी

आग विझताच शेजारीपाजारी मदतीच्या भावनेने राखरांगोळी उपसू लागतात. या घाईने कुटुंबाचे नुकसान होते, कारण साहाय्याचा आधार पंचनामा हा आहे. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांनी पाहण्यापूर्वी जागा साफ करू नये. अगदीच निकड असल्यास छायाचित्रे काढून ठेवावीत. जनावर दगावले असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याखेरीज ते पुरू नये. गॅसचा संबंध असेल तर वितरकास तातडीने लेखी कळवावे, कारण नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो. घराचा विमा असल्यास कंपनीसही त्याच दिवशी कळवावे.

आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतील अधिसूचित आपत्ती आहे, हे अनेक पंचायत सदस्यांनाही ठाऊक नसते. 2022 ते 2026 या कालावधीसाठीच्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सखल भागात 1,20,000 रुपये व डोंगराळ भागात 1,30,000 रुपये, झोपडीसाठी 8,000 रुपये, घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी 3,000 रुपये आणि दुधाळ गाई-म्हशीसाठी 37,500 रुपये असे दर होते. अंशतः पडझडीत किमान 15 टक्के नुकसान असल्यास पक्क्या घरास 6,500 आणि कच्च्या घरास 4,000 रुपये होते. ‘पूर्णतः’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांतील अंतर लाखाहून अधिक रुपयांचे आहे. भिंती उभ्या दिसतात म्हणून घर अंशतः जळाले, असा शेरा घाईने मारला जाऊ नये. आढे, वासे आणि तुळया गेल्या असतील तर त्या भिंती कशाच्या आधारावर उभ्या आहेत, ते पाहिले पाहिजे. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांनी घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शबरी घरकुल योजनेसंबंधीही विचारणा करावी.

कागदपत्रांची चिंता मोठी वाटते. ती वस्तुतः सर्वांत सोपी आहे. सातबारा व आठ-अ संगणकावरून मिळतात, शिधापत्रिकेची दुय्यम प्रत तहसील कार्यालयातून आणि शाळा सोडल्याचा दाखला शाळेतून मिळतो. मुख्याध्यापकांनी हे दाखले आपणहून काढून दिले तर एका हेलपाट्याची बचत होते. डब्यातील नोटा जळाल्या असतील तर त्या झटकू किंवा सुट्या करू नयेत. फार ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेतल्या जात नाहीत. त्या जशाच्या तशा कापसात ठेवून रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे दाखल करता येतात.

जे उरले ते

जुन्या वाड्यांच्या मालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. काळी पडलेली प्रत्येक तुळई टाकाऊ नसते. जाड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने जळते आणि वरचा कोळसाच आतल्या गाभ्याचे रक्षण करतो. अर्ध्या तासाच्या आगीत दोन बोटे जाडीचा थर गेला, तरी हातभर जाडीच्या सागवानी तुळईचा गाभा शाबूत असू शकतो. कोळसा खरवडून, उरलेली जाडी मोजून आणि अभियंत्यास दाखवून ती पुन्हा वापरता येते. याउलट लोखंड जळत नाही म्हणून त्यावर विसंबू नये. 550 ते 600 अंश सेल्सिअसला ते जवळजवळ निम्मी ताकद गमावते. वाकलेल्या कैच्यांवर नवे पत्रे चढवू नयेत.

मातीच्या भिंतींचा धोका आगीनंतर सुरू होतो. तुळयांचा ताण सुटलेला असतो आणि विझविताना मारलेले पाणी माथ्यातून आत उतरलेले असते. अशी भिंत चार दिवसांनीही बसते. मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये आणि ती टेकू देऊन धरून ठेवावी. काजळी प्रथम कोरड्या कुंचल्याने झाडावी; ओल्या फडक्याने ती भिंतीत मुरते. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन चुना द्यावा. धुरात सापडलेले धान्य खाण्यास वापरू नये आणि तापलेले बियाणे पेरू नये, कारण ते उगवत नाही. वीजजोडणी परवानाधारक ठेकेदाराच्या चाचणी अहवालानंतरच पूर्ववत करून घ्यावी.

पश्चिम भागात या साऱ्या कामांना मृगाची मर्यादा असते. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर भीमाशंकरच्या परिसरात पाऊस थांबण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. साहाय्याची रक्कम येण्यास वेळ लागला, तरी भिंतींच्या माथ्यांवर ताडपत्री आणि निदान एका खोलीवर पत्रे मे महिन्यातच चढले पाहिजेत. तोपर्यंत कुटुंबाला शाळेची खोली देता येते; ती जूनच्या मध्याला शाळा उघडण्यापूर्वी रिकामी करावी लागते, हे पंचायतीने आधीच ध्यानात घेऊन श्रमदानाचा दिवस ठरवावा.