भीती रचणारा छायाचित्रकार

भुताचा म्हणून एखादा फोटो वस्तीत फिरू लागला की दहा माणसे जमतात, बायाबापड्या हात जोडतात. अशा वेळी आम्ही विलियम मॉर्टेन्सनची गोष्ट सांगतो. चेटकिणी, छळखाने, राक्षसी वानर हे सगळे या अमेरिकन छायाचित्रकाराने स्टुडिओत रचून टिपले. रचले हे त्याने लपवले तर नाहीच, उलट ते कसे रचायचे यावर पुस्तके लिहिली!

१८९७ मध्ये युटा राज्यात त्याचा जन्म झाला. न्यूयॉर्कला तो चित्रकला शिकला आणि पुढे हॉलिवूडला गेला. सेसिल डीमिल यांच्या १९२७ च्या 'किंग ऑफ किंग्ज' चित्रपटाचे फोटो त्याने काढले. १९३१ पासून कॅलिफोर्नियातील लगुना बीचला त्याचा स्टुडिओ होता, तेथेच त्याने फोटोग्राफीची शाळाही चालवली. मुखवटे, रंगभूषा, पोशाख यांवर त्याची मेहनत असे. फोटो छापून झाला तरी त्याचे काम संपत नसे. ब्लेडने खरवडून, पेन्सिलीने गडद करून तो फोटोला जुन्या कोरीव चित्राची कळा आणी.

१९३७ च्या पुस्तकात त्याने भीतीचे मर्म सांगितले आहे. तिरकी रेघ म्हणजे वीज, नागमोडी रेघ म्हणजे साप, टोकदार त्रिकोण म्हणजे दात किंवा पाते, आणि भला मोठा गडद आकार म्हणजे वाट अडवून उभे असलेले जनावर. विषय कळण्याआधीच डोळा दचकतो तो यामुळे. वाचकहो, आता सिनेमाची पोस्टरे या नजरेने पाहा.

स्त्रियांना साखळदंडात जखडलेले दाखवण्याची त्याची हौस मात्र आम्हाला पटत नाही. चेटकीण ठरवून खऱ्याखुऱ्या बायांना जाळले गेले आहे.

त्याच्यावर टीका झाली ती वेगळ्याच कारणाने. कॅमेऱ्याला दिसेल तेच खरे, असे मानणारा ॲन्सेल ॲडम्स त्याला 'ख्रिस्तविरोधी' म्हणे. मते वेगळी असू शकतात, मासिकांतून वादही झडले. पण ब्यूमाँट न्यूहॉलने छायाचित्रणाचा जो इतिहास लिहिला, त्यात मॉर्टेन्सनला जागाच दिली नाही! एके काळी ज्याची पुस्तके हौशी फोटोग्राफर घरोघर बाळगत, तो १९६५ मध्ये वारला तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेला होता. इतिहासातून नाव गाळणे किती सोपे असते, हे आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

२०१४ मध्ये त्याच्या जीवनावर आणि कलेवर मोठे पुस्तक निघाले. त्याची छायाचित्रे आज ॲरिझोनातील टुसान येथील संग्रहालयात जपलेली आहेत. ॲडम्सचा संग्रहही तेथेच आहे.