लस माणसाला, काम गोचिडीच्या पोटात

लसीकरणाचा विषय निघाला की बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं, "ताई, लसीत मेलेले जंतूच असतात ना?" काही लसींत असतात. काहींत मात्र जंतूचं एखादंच प्रथिन असतं, आणि मग त्या प्रथिनाचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतल्या लाइम रोगाचंच बघा.

लाइम हे कनेक्टिकट राज्यातलं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या आईने नोंदी ठेवल्या, पाठपुरावा केला, तेव्हा तपास झाला. (आधी तिचं डॉक्टरांनी मनावर घेतलं नव्हतं. आपल्याला यात नवल वाटायला नको.) पुढे कारण सापडलं: गोचिडीतून येणारा बोरेलिया हा जिवाणू.

गोचिडीच्या आतड्यात असताना हा जिवाणू 'ऑस्प-ए' नावाचं प्रथिन अंगावर पांघरतो. गोचीड आपलं गरम रक्त पिऊ लागली की तो हे पांघरूण टाकून दुसरं घेतो. म्हणून त्याला आधीच गाठावं लागतं. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात जातात आणि तिथेच जिवाणूला मारतात. म्हणजे चावा बसण्याआधीच ती रक्तात भरपूर हवीत.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते. पण प्रत्येक प्रथिन म्हणजे घडी घातलेली मण्यांची सर असते. ऑस्प-एमध्ये २१ पट्ट्या गोधडीच्या धावदोऱ्यांसारख्या शेजारी-शेजारी बसतात. प्रतिपिंडं ही घडी ओळखतात. घडी विस्कटली, तर मणी तेच असूनही ओळख पटत नाही.

१९९८ मध्ये पूर्ण ऑस्प-एची लस अमेरिकेत आली. तीन डोसांनंतर ती सुमारे ७६ टक्के संरक्षण देई. पण या प्रथिनाचा एक छोटा तुकडा माणसाच्या एका प्रथिनासारखा दिसतो, त्यामुळे सांधे दुखतात अशी भीती पसरली. तपासात पुरावा मिळाला नाही, तरी खप घसरला आणि २००२ मध्ये कंपनीने लस बंद केली. कुत्र्यांना मात्र लाइमची लस मिळत राहिली!

फायझर आणि वालनेवा यांच्या नव्या लसीत प्रथिनाचा शेवटचा अर्धा भागच घेतलाय, कारण संरक्षण देणारी मोक्याची जागा तिथे आहे. जिवाणूचे प्रकार अनेक, म्हणून सहा प्रकारांचे अर्धे भाग घेतले. तो शंकेचा तुकडाही बदलला. पण गोधडी मधोमध कापली की दोरे सुटतात, तसा अर्धा भाग सैल पडतो. म्हणून त्याला गंधकाच्या बंधाचा जादा टाका घातला. उंदरांवर पाहिलं, तर टाका घातलेल्या भागाने जास्त संरक्षण दिलं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये सुरू झाल्या.

आपल्या सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीतूनच येतो, पण तो विषाणूचा आजार. ही लस त्याला चालणार नाही. काजूच्या हंगामात रानातून आल्यावर अंग, केस आणि कपडे नीट तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. आणि ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.